आकाशातील शेजारधर्म : हरवलेल्या ग्लायडर-वैमानिकांचा शोध



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपल्या शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, ते गणिताचे शिक्षक होते. तेव्हा ज्यात थोडे गणित आहे, आणि त्या गणिताच्या उत्तरावर कोणाचा तरी जीव अवलंबून आहे, असा विषय आजच्यासाठी निवडला. आपल्या हैदराबादेत ग्लायडर हा रोजच्या बोलण्यातला शब्द नव्हे. पुण्याकडच्या पाहुण्यांना कदाचित हडपसरचे ग्लायडिंग सेंटर आठवेल, एन. सी. सी.च्या वायुदल विभागात असलेल्यांपैकी काहींनी ग्लायडरमध्ये बसूनही पाहिले असेल. बाकीच्यांसाठी दोन शब्द प्रास्ताविकाचे सांगतो.

शुद्ध ग्लायडरला इंजिन नसते. दुसरे विमान त्याला दोराने ओढून वर नेते, किंवा जमिनीवरील विंच नावाचे यंत्र पतंगासारखे त्याला वर खेचते. दोर सुटला की पुढचा सगळा प्रवास हवेच्या मर्जीवर. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर उठणारे उष्ण हवेचे झोत, डोंगराला आपटून वर चढणारा वारा, आणि पर्वतरांगेच्या पलीकडे उसळणाऱ्या हवेच्या प्रचंड लाटा, ह्या तिघांच्या आधारावर वैमानिक उंची मिळवतो आणि ती खर्च करीत पुढे जातो. घार जे करते तेच. अमेरिकेतील स्टीव्ह फॉसेट आणि आयनार एनेव्होल्डसन ह्या दोघांनी २९ ऑगस्ट २००६ रोजी अर्जेंटिनातील एल कालाफाते येथून उड्डाण करून पर्वतलाटेवर ५०,७२७ फुटांची उंची गाठली. प्रवासी जेट विमाने साधारण पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जातात, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या बिनइंजिनाच्या वाहनाची झेप कळते.

पण ह्या स्वातंत्र्याची एक किंमत आहे. ग्लायडर कोठून जाईल हे वैमानिकालाही निघताना नीट सांगता येत नाही. सकाळी तो एक मार्ग मनाशी ठरवतो, दुपारी ढग दुसरीकडे दिसतात आणि तो तिकडे वळतो. हवेने साथ दिली नाही तर कोणाच्या तरी शेतात उतरतो. ह्यात अपघात काही नाही, ही नित्याची गोष्ट आहे. मंडळाचे सहकारी गाडीला लांबलचक ट्रेलर जोडून त्याला आणायला जातात आणि रात्री त्याची थट्टा करतात. शोधाच्या दृष्टीने मात्र हीच मोठी अडचण ठरते. वेळापत्रकाचे विमान दहा मिनिटे बोलले नाही तर नियंत्रण कक्षात खळबळ उडते; ग्लायडरवाला संध्याकाळपर्यंत बोलला नाही तरी ‘उतरला असेल कोठे तरी, दूरध्वनी सापडत नसेल’ असे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांत अशा प्रसंगाच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत : अनिश्चितता, चिंता आणि संकट. ग्लायडरच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच सूर्य मावळतो. डोंगरात जखमी होऊन पडलेल्या माणसाच्या दृष्टीने ती पहिली रात्र किती मोलाची असते, हे मी सांगायला नको.

आता गुरुजींच्या आवडीचे थोडे गणित करू. चांगले ग्लायडर स्थिर हवेत एक मीटर खाली येताना चाळीस मीटर पुढे जाते. त्याहून सरस ग्लायडरही आहेत, पण चाळीस धरू. जमिनीपासून १,५०० मीटर उंचीवर ते शेवटचे दिसले असेल, तर वारा अनुकूल-प्रतिकूल न धरताही ते साठ किलोमीटरपर्यंत कोठेही पोहोचू शकते. साठ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर भरते. गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे; म्हणजे तीन गोवे धुंडाळायचे, आणि तेही डोंगरांचे, जंगलांचे. हीच त्रिज्या कोणी पाच किलोमीटरवर आणून दिली तर क्षेत्र अठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटर उरते. अर्ध्या किलोमीटरवर आणली तर एक चौरस किलोमीटरही राहत नाही. दहा माणसे सकाळी निघून दुपारपर्यंत तेवढा भाग पालथा घालतील. शोधाची सारी विद्या ही त्रिज्या कमी करण्याची विद्या आहे. हेलिकॉप्टरे वाढवून क्षेत्र कमी होत नाही. ते शेवटच्या खात्रीच्या ठिपक्याने कमी होते.

हा ठिपका द्यायचा कोणी? पूर्वी उत्तर होते रडार. प्राथमिक रडार लहरी सोडते आणि वस्तूवर आपटून परत आलेल्या लहरी टिपते. ग्लायडर मात्र लाकडाचे, नंतरच्या काळात काचतंतूंचे; रडारच्या दृष्टीने ते फार ठळक नाही. शिवाय रडारच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराआडचे त्यांना दिसत नाही. विमानात ट्रान्सपॉन्डर नावाचे उत्तर देणारे यंत्र असेल तर चित्र स्पष्ट होते. पण ते यंत्र वीज खाते, आणि ग्लायडरमध्ये वीज असते ती काय, एका लहानशा बॅटरीतली.

दुसरे उत्तर होते संकटसूचक प्रेषक. आदळताच आपोआप सुरू होऊन तो उपग्रहाला हाक मारतो. अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स ह्यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या कॉस्पास-सारसॅट योजनेने सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या एका लहान विमानातील तिघांना शोधून दिले, आणि तेव्हापासून हजारो जीव वाचविले. शीतयुद्ध ऐन भरात असताना ही दोन्ही बाजूंची मंडळी एका कामासाठी एकत्र आली, ही गोष्ट शाळेच्या पाठ्यपुस्तकात यायला हवी असे मला नेहमी वाटते. भारतही ह्या योजनेत आहे. इस्रोची भूस्थानके बंगळूर आणि लखनौ येथे आहेत. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्‌झच्या प्रेषकांचे संकेत उपग्रहांनी ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले. आता ४०६ मेगाहर्ट्‌झचे प्रेषक वापरतात. पण आदळण्याच्या क्षणीच अँटेना तुटला, यंत्र जळले किंवा विमान उलटे होऊन अँटेना खाली दबला, तर हाक निघतच नाही. ज्या अपघातात हाकेची गरज सर्वांत अधिक, त्याच अपघातात हाक मारणारा जायबंदी होण्याचा संभव सर्वांत अधिक!

ह्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे वर ज्याचा उल्लेख केला तो फॉसेटच. उंचीच्या विक्रमाला वर्ष होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. ३ सप्टेंबर २००७ रोजी नेव्हाडातील एका खाजगी धावपट्टीवरून तो लहान इंजिनाच्या विमानातून एकटाच निघाला. कोठे जाणार ह्याची लेखी नोंद त्याने दिलेली नव्हती. तो परत आला नाही. प्रेषकाचा उपयोगी संकेत आला नाही. शेकडो उड्डाणे झाली, हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून उपग्रहचित्रांचे तुकडे डोळ्यांखालून घातले. शोधात इतर जुन्या विमानांचे अवशेष सापडले, हा नाही. तेरा महिन्यांनी, सप्टेंबर २००८ च्या अखेरीस, कॅलिफोर्नियातील मॅमथ लेक्स गावाजवळच्या डोंगरात एका पदभ्रमण करणाऱ्याला त्याची ओळखपत्रे मिळाली आणि मग अवशेष मिळाले. शोधपथकांची विमाने त्या भागावरून जाऊन आलेली होती. आणि चौकशी अहवाल सांगतो की, त्या दिवसाच्या रडार-नोंदींत एक माग होता, जो अपघातस्थळापासून सुमारे एक मैलावर संपत होता. डोंगरांवरच्या खाली ओढणाऱ्या प्रवाहापुढे विमानाची चढण्याची शक्ती अपुरी पडली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. तो बहुधा आदळताक्षणीच गेला. लवकर सापडता तरी वाचला नसता. पण घरच्यांच्या त्या तेरा महिन्यांचा हिशोब कोणत्याच अहवालात नसतो.

नोंद असणे आणि नोंद ओळखता येणे ह्यांत एवढे अंतर असते. हजारो अनामिक ठिपक्यांतला आपला कोणता, हे सांगणारी खूण हवी.

ती खूण एका वेगळ्याच कारणासाठी तयार झाली. आल्प्स पर्वतात एकाच उष्ण झोतात, एकाच कड्यालगत अनेक ग्लायडर फिरतात आणि एकमेकांवर आदळतात. हे टाळण्यासाठी स्वित्झर्लंडमधील काही ग्लायडर-वैमानिक अभियंत्यांनी २००४ साली फ्लार्म नावाचे छोटे यंत्र बाजारात आणले. उपग्रहांवरून ते स्वतःचे स्थान काढते, दाबमापकावरून उंची घेते, पुढच्या काही सेकंदांत आपण कोठे असू ह्याचा अंदाज बांधते आणि हे सारे सुमारे दर सेकंदाला रेडिओवरून आसपासच्या यंत्रांना सांगते. समोरच्याचा अंदाज आणि आपला अंदाज एकमेकांना छेदू लागले की दिवे लागतात, शिट्टी वाजते. पल्ला काही किलोमीटरांचा, वीज अगदी थोडी. युरोपातील ग्लायडरवाल्यांनी ते इतके उचलून धरले की आता तेथे फ्लार्मविना उडणारे ग्लायडर विरळाच.

ह्यातील खरी मौज पुढेच आहे. हे यंत्र आपल्या उड्डाणाची नोंद ठेवते. ग्लायडर-स्पर्धांत तशी नोंद लागते. पण त्या नोंदीत, आपल्याला कोणाकोणाचे संकेत केव्हा ऐकू आले, ह्याच्याही खुणा राहतात. हरवलेल्या विमानातील नोंदयंत्र त्याच्याबरोबरच हरवलेले असते, त्याचा शोधाला उपयोग शून्य. त्याच्या अखेरच्या मिनिटांची साक्ष असते ती त्या दुपारी त्याच आकाशात उडून संध्याकाळी सुखरूप घरी परतलेल्या, कदाचित त्याला कधीही न भेटलेल्या माणसांच्या यंत्रांत! म्हणून ग्लायडर हरवल्याची वार्ता आली की आसपासच्या सर्व विमानतळांवर निरोप जातो : आज ह्या भागात जे जे उडाले त्यांनी आपल्या यंत्रातील नोंदी काढून लगेच पाठवाव्यात, त्या यंत्रावर पुसल्या जाण्याआधी. यंत्र बनविणारी मंडळी त्या नोंदींतून हरवलेल्याचे संकेत वेचून काढतात आणि शोधपथकाला देतात. एका नोंदीत दोन संकेत, दुसरीत चार, तिसरीत एक. पण प्रत्येकावर वेळ आणि स्थान असल्यामुळे ते एका दोऱ्यात ओवता येतात.

इतरांच्या नोंदींना एवढे महत्त्व का, ह्याला भौतिक कारणही आहे. २०१३ च्या सुमारास युरोपात हौशी मंडळींनी ओपन ग्लायडर नेटवर्क नावाचे जाळे विणायला घेतले. दूरचित्रवाणीचे संकेत घेणारी स्वस्त जोडणी आणि तळहातावर मावणारा संगणक एवढ्या भांडवलावर विमानतळांवर, घरांच्या गच्च्यांवर ग्राहकयंत्रे बसविली गेली. फ्लार्मचे संकेत ती दहा-वीस किलोमीटरांवरून, उंचावरच्या विमानाचे तर त्याहूनही दुरून पकडतात आणि नकाशावर दाखवितात. शोधाच्या पहिल्या पाच मिनिटांत आज तेथे हाच नकाशा उघडतात. पण जमिनीवरील ग्राहकाला दरीत उतरलेले विमान दिसत नाही. नकाशावरचा ठिपका थांबला म्हणजे विमान तेथे कोसळले असे समजणारा माणूस शोधपथकाला भलत्याच उतारावर पाठवील. अनेकदा ते विमान फक्त धारेआड गेलेले असते. त्याच दरीच्या माथ्यावरून चाललेल्या दुसऱ्या ग्लायडरला मात्र खाली थेट दृष्टी असते. जमिनीवरच्या दहा कानांना जे ऐकू येत नाही ते वरच्या एकाला ऐकू येते. शेवटचा संकेत किती उंचीवरून, किती वेगाने खाली येताना मिळाला, त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत विमान सरळ जात होते की गरगरत होते, ह्यावरून अनुभवी माणूस पुढचा मार्ग बांधतो. वाऱ्याची दिशा, उताराचा कल, झाडी, हे सारे त्यात येते. माझी नोकरी संदेशवहनाच्या क्षेत्रात गेली, विमाने मी जमिनीवरूनच पाहिली. पण ह्या कामाला मी केवळ तंत्र म्हणणार नाही. त्यात गावाकडच्या माग काढणाऱ्याची जात आहे.

मोबाईल दूरध्वनी कोणत्या मनोऱ्याशी शेवटचा बोलला ह्याचाही उपयोग होतो. अमेरिकेच्या सिव्हिल एअर पॅट्रोलमध्ये रडार-नोंदी तपासणारा एक आणि मोबाईलच्या नोंदी तपासणारा एक असे दोन स्वतंत्र गट आहेत. मोठ्या विमानांत असणारी ए. डी. एस.-बी. ही स्थान कळविणारी पद्धती २०१९ पासून उपग्रहांवरूनही ऐकली जाते, आणि संकटातील विमानाचे अखेरचे ठिकाण आयर्लंडमधील एक केंद्र शोधपथकांना विनामूल्य पुरविते. पण अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून ठरावीक हवाई क्षेत्रांत ही यंत्रणा सक्तीची केली तेव्हा ग्लायडरांना सूट ठेवली.

सूट का? कारण वीज, वजन आणि पैसा. आणि येथे एक घटना सांगितली पाहिजे. २८ ऑगस्ट २००६ रोजी नेव्हाडातील मिंडेनजवळ, सुमारे १६,००० फुटांवर, एक खाजगी जेट विमान एका ग्लायडरवर आदळले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता. पण बॅटरी पुरावी म्हणून वैमानिकाने तो बंद ठेवला होता. दैव बलवत्तर, ग्लायडरचा वैमानिक हवाईछत्रीने उतरला, जेटही चाके न उघडता कसेबसे उतरले आणि कोणी दगावले नाही. यंत्र बसविणे आणि यंत्र चालू ठेवणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बॅटरी हे एक कारण झाले; दुसरे कारण मनुष्यस्वभावाचे. ज्या संकेतामुळे मी सापडतो, त्याच संकेतामुळे स्पर्धेतील प्रतिस्पर्ध्याला मला चांगला झोत कोठे मिळाला हेही कळते. म्हणून स्पर्धक आपली ओळख झाकणारी कळ दाबतात, आणि प्रेक्षकांना दाखविले जाणारे नकाशे मुद्दाम काही मिनिटे मागे ठेवतात. काहींना तर आपण रविवारी कोठे उडतो हे जगाने पाहावे हेच मान्य नाही. त्यांच्यासाठी ‘माझा माग दाखवू नका’ अशी खूण यंत्रातच आहे आणि ते जाळे ती पाळते. ह्या मंडळींना सरसकट हट्टी म्हणणे मला पटत नाही. आकाशात एकटे असण्यासाठीच तर माणूस इंजिन टाकून वर जातो. पण नकाशावर न दिसणे आणि शोधणाऱ्यालाही न सापडणे ह्यांत फरक करता येतो, आणि करायला हवा. नोंद बंद पेटीत राहावी आणि संकटाची पायरी आली तरच उघडावी, हे तंत्राला अशक्य नाही. ज्याने स्वतःला पूर्णपणे झाकून घेतले, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी ढगांत हेलिकॉप्टर घेऊन जाणाऱ्या चौघांचा जीव त्याने न विचारता पणाला लावलेला असतो.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. प्रत्येक यंत्राला क्रमांक असतो. तो कोणत्या विमानाचा, ही नोंद मालकाने करायची असते. पुष्कळ जण करीत नाहीत. मग संकेत मिळतो, पण तो कोणाचा हे शोधण्यात शोधाचे अमोल तास जातात. कपाटाच्या किल्ल्या आहेत, चिठ्ठ्या नाहीत, अशातला प्रकार.

आपल्याकडे काय? आपल्या हैदराबादकरांना २ सप्टेंबर २००९ आठवत असेल. बेगमपेठहून सकाळी निघालेले मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी ह्यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलावर संपर्काबाहेर गेले. वायुसेनेची विमाने, उपग्रहचित्रे, पोलीस, जंगलातले रहिवासी असे सारे कामाला लागूनही अवशेष दिसायला दुसरा दिवस उजाडला. पाचही जण गेले होते. राज्याच्या मुख्यमंत्र्यासाठी जेथे एक पूर्ण रात्र लागली, तेथे हिमालयात एकट्याने उडणाऱ्याची काय कथा? हिमाचलातील बीड-बिलिंग येथे २०१५ साली पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. देशोदेशीचे वैमानिक तेथे येतात. पॅराग्लायडर म्हणजे कापडी पंखाचे ग्लायडर. धौलाधारच्या मागच्या दऱ्यांत मोबाईलला मनोरे नाहीत. तेथे उपयोगी पडते ते उपग्रहाला थेट संदेश पाठविणारे खिशातले यंत्र. आणि नेमके तेच आपल्या देशात दूरसंचार खात्याच्या परवानगीविना बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर असे यंत्र सामानात निघाल्यामुळे परदेशी प्रवासी अडचणीत आल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. अशा साधनांचा गैरवापर आपण फार महागात अनुभवला आहे, तेव्हा बंधनामागची भीती खोटी नाही. पण नोंदणी, वैमानिकाचा परवाना आणि उड्डाणाचे ठिकाण एवढे तपासून, बचावापुरती परवानगी उड्डाणस्थळीच मिळण्याची सोय व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बंगळूरच्या केंद्रात ४०६ मेगाहर्ट्‌झच्या प्रेषकांची नोंदणी होतेच; ती चौकट आयती आहे.

तोपर्यंत ज्यांची मुले वा नातवंडे ह्या छंदाकडे वळली असतील, त्यांच्यासाठी बिनखर्चाचे एक सांगणे. निघताना कोठे जाणार आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास शोध सुरू करायचा, हे जमिनीवरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्यायला सांगा. आणि तो माणूस ठरलेल्या वेळी भिडेखातर गप्प बसणार नाही असा निवडायला सांगा.

 विद्यार्थ्यांना काही विचारायचे असल्यास मी थांबलो आहे. वर्तुळाचे गणित ज्यांना पुन्हा करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी फळा आणि खडू मुख्याध्यापकांनी अगोदरच आणून ठेवले आहेत.